विकायच्या वासराचं नाव

कोड लिहिताना मला अजून माझ्या वडिलांचा, नानांचा, आवाज का येतो ते ऐका. धुळ्याच्या एका जिनिंगवाल्या शेठसाठी मी कापसाच्या वजनांचा प्रोग्रॅम लिहीत होतो. विकण्यासाठी लिहिलेला माझा पहिलाच. आकड्यांच्या अख्ख्या रांगेवर एकदम काम करणारी भाषा होती ती. तिच्यात छोटी फंक्शनं नाव न देता जागच्या जागी, महिरपी कंसात लिहिता येतात. मी सगळी तशीच लिहिली आणि उत्तर चुकायला लागलं. चूक शोधायची तर एडिटर मात्र नाव असलेलंच फंक्शन वेगळ्या खिडकीत उघडून दाखवायचा. म्हणून मी त्यांना आमच्या जुन्या गुरांची नावं द्यायला लागलो. कपिली, ढवळ्या...

शेजारी चहा पिणारे नाना म्हणाले, "ईकानं शे ना हाई? मंग नाव कसाले ठेवस? ईकाना वासरूले आपण कधी नाव ठेवं का?"

"नाना, हा प्रोग्रॅम आहे!"

चूक ढवळ्यात सापडली. दुसऱ्या दिवशी शेठ आले. मी म्हणालो, "शेठ, अजून थोडं काम बाकी आहे." काम काहीच बाकी नव्हतं.

शेठ गेल्यावर नाना एवढंच बोलले, "तुले सांगं व्हतं ना मी?"

नाना आता नाहीत. ढवळ्या अजून घरीच आहे.