ओली बॅटरी का कोरडी?

रेडिओ घेणं सोपं असते बाप्पा, त्याले पोसणं कठीण. लढाईच्या दिवसात आमच्या शिरपुरात माह्याकडे एक रेडिओ होता, मोटारीच्या ॲसिडवाल्या बॅटरीवर चालणारा. पंधरा दिवसांत बॅटरी उतरे. मंग तिले वांग्याच्या टोपल्यांमधी बसवून बैलगाडीनं वाशीमले चार्जिंगले न्या. तीन दिवस रेडिओ मुका. वरून माह्यी दोन धोतरं ॲसिडनं जाळली ते वेगळंच.

मी वैतागलो. दुकानदार म्हणे, "कोरड्या बॅटरीचा सेट घ्या. महाग आहे, पण कितीक महिने पाहा लागत नाही." संध्याकाळी बातम्या ऐकाले ओसरीवर जमलेल्या लोकायले इचारलं. सारे म्हणे, "कोरडीच घे."

एकटी चंद्रभागाकाकू म्हणे, "ओलीच राहू दे." तिचा पोरगा नामदेव ब्रह्मदेशात पलटणीत होता. बातम्यायले सगळ्यात आधी तीच येऊन बसे.

मी भडकलो, "काहून? डोक्यावर तू नेशीन काय वाशीमले?"

काकू म्हणे, "रेडिओ चालू असला का आल्याशिवाय राहवत नाही, आन् ऐकलं का घास उतरत नाही. बॅटरी वाशीमले गेली का तीन दिवस कोणी काहीच सांगत नाही. तेवढे तीन दिवस मी पोटभर जेवतो रे बाबू."

पुढच्या खेपेले मी तेच ओझं घेऊन वाशीमले गेलो. चार्जिंगवाला म्हणे, "आज गर्दी नाही, उद्याच देतो भरून."

म्या म्हटलं, "घाई नको करू बाप्पा. चार दिवस लागू दे."