हिरवे लुगडे, घडी न मोडलेले

रेवदंडा पोलीस ठाणे, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा.
तारीख १७ फेब्रुवारी १९३४, शनिवार. सकाळी सव्वाअकरा.

माझे नाव राही, नवऱ्याचे नाव बाळाजी पोशा घरत (मयत), वय अंदाजे चव्वेचाळीस, जात आगरी, धंदा पावाच्या भट्टीवर मोलमजुरी, राहणार रेवदंडा, बंदराच्या वाटेवर. समक्ष विचारल्यावरून खरे सांगते की,

माझा नवरा १९१८ साली मानमोडीच्या तापात वारला. तेव्हा माझी मुलगी काशी पाच वर्षांची होती. दीर भागोजी शेजारीच राहतात. दिराने दोन ठिकाणी माझा पाट लावायचे ठरवले होते. दोन्ही वेळा मी नाही म्हटले. १९१९च्या पावसाळ्यानंतर मी बंदराजवळच्या पावाच्या भट्टीवर कामाला लागले. भट्टीचे मालक गोव्याचे, ख्रिस्ती, लग्न न केलेले. त्यांची बहीण मडगावकडे असते. त्यांचे इकडे कोणी नव्हते.

(मयताचे नाव विचारले असता साक्षीदार गप्प राहिली. कायतान मिंगेल बार्रेतो असे वाचून दाखवले असता मान हलवली.)

नाव का घेत नाही असे फौजदारसाहेबांनी विचारले. सगळे गाव त्यांना पाववाले म्हणते, त्यामुळे नाव घ्यायची वेळ आली नाही असे मी सांगितले. त्यावर हवालदार चांगदेव म्हणाले, "साहेब, बाई नवऱ्याचं नाव घडाघडा सांगते आन् मालकाचं घेत न्हाय. उलटंच झालं की." फौजदारसाहेबांनी त्यांना लिहायला सांगितले.

माझे काम भंडाऱ्याकडून माडी आणणे, पीठ चाळणे आणि भाजलेला पाव टोपलीतून बंदरावर व गावात विकणे. माडीशिवाय पीठ फुगत नाही. सुरुवातीला मी माडी उंबऱ्याबाहेर ठेवत असे. पुढे आत ठेवू लागले. दुपारचा स्वयंपाक मी तिथेच करत असे. त्यांना कोळंबीचे कालवण तिखट चालत नसे, म्हणून वेगळे काढत असे. माझे ताट-वाटी तिथेच होते. संध्याकाळी मी माझ्या घरी जात असे. पंधरा वर्षांत यात खंड पडला नाही.

या महिन्यात त्यांना आठ दिवस ताप होता. अलिबागच्या डॉक्टरांचे औषध चालू होते. सोमवारी, तारीख १२ रोजी दुपारी ते वारले. त्या वेळी मी हजर होते. दुसरे कोणी हजर नव्हते. त्यांनी शेवटी काय म्हटले हे फौजदारसाहेबांनी विचारले. भट्टी विझली का असे त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. भट्टी त्याआधी चार दिवस विझलेली होती.

मंगळवारी सकाळी कोर्लईचे पाद्री आले. प्रेत होडीने खाडीपलीकडे नेले. मी बंदरापर्यंत गेले. होडीत जागा होती. मी बसले नाही. होडी पलीकडे लागेपर्यंत मी उभी होते, मग घरी आले.

पाद्रींनी मुंबईला तार केल्यावरून गुरुवारी पोर्तुगीज कॉन्सलच्या कचेरीतले कारकून सिकेरा आले. त्यांनी भट्टीला व खोलीला लाखेचे सील लावले आणि कलेक्टरसाहेबांच्या पत्रासाठी अलिबागला गेले. आज सकाळी आठ वाजता ते परत आले आणि पंचांसमक्ष सील काढून मालाची यादी सुरू केली. पंच म्हणून अनंता शिंपी व भिकू तांडेल हजर होते. दीर भागोजीही आले होते.

सिकेरांनी सगळ्यांना सांगितले की, मयत पोर्तुगीज सरकारची प्रजा होता, ब्रिटिश मुलखात त्याचा कोणी वारस नाही, म्हणून त्याच्या सगळ्या वस्तू कॉन्सलसाहेब ताब्यात घेऊन गोव्याला बहिणीकडे पाठवतील. तसा त्यांना अधिकार आहे. यातली एखादी वस्तू दुसऱ्या कोणाची असेल तर त्याने आत्ताच सांगावे, वस्तू इथेच राहील. एकदा यादीत चढून सील लागले की ते सील इथले कोणी काढणार नाही. हा सगळा माल आज दोनच्या आगबोटीने जाईल.

पीठ मळायची काठवट, दोन पराती, भट्टीतून पाव काढायचा लोखंडी पलिता, काळा कोट, चांदीचा क्रूस, आरसा, एवढे झाल्यावर पत्र्याची पेटी उघडली. पेटीत वरच लुगडे होते. सिकेरांनी ते हातात घेऊन कारकुनी आवाजात म्हटले, "हिरवे लुगडे, एक, जरीकाठी, घडी न मोडलेले." मग माझ्याकडे वळून विचारले, "बाई, हे तुमचं?"

मी काही बोलायच्या आत दीर म्हणाले, "आमच्या वयनी रांडमुंड हायत. हिरवं लुगडं त्यांचं कसं आसंल? न्हाय म्हना, वयनी." अनंता शिंपी म्हणाले, "पाववाला नेसत आसंल मग." त्यावर हसू झाले. सिकेरांनी लुगडे परत पेटीत ठेवले, झाकण लावले आणि लाख तापवायला घेतली. तेव्हा मी पेटीवर बसले.

मला उठायला सांगितले. मी उठले नाही. दिराने हात धरला, तरी उठले नाही. मी कोणाला मारले नाही आणि शिवी दिली नाही. सरकारी कामात अडथळा केल्याची तक्रार सिकेरांनी दिली, ती खरी आहे. मी साधारण अर्धा तास पेटीवर बसले होते. नंतर पेटी बैलगाडीत घालून ठाण्यात आणली. मी गाडीमागे चालत आले. पंच व दीरही आले.

ठाण्यात फौजदारसाहेबांनी सिकेरांना विचारले की, या बाईचा मयताशी काही संबंध आहे असे दाखवणारा कागद आहे का. कागद आहे आणि तो आपल्या चामडी पिशवीत आहे, असे सिकेरा म्हणाले. साहेब म्हणाले, "मग काढा की."

सिकेरा म्हणाले, "माफ करा साहेब. हे कॉन्सलचं दप्तर आहे. याला पोलिसांचा हात लागत नाही. ही दोन सरकारांमधली गोष्ट, माझ्या हातात नाही. दाखवायचं तर कॉन्सलसाहेबांची लेखी परवानगी पाहिजे."

"किती दिवस लागतील?"

"पंधरा. वीससुद्धा."

"आणि बोट दोनला. म्हणजे कागद तुमच्या मांडीवर, आणि आम्ही इथे आंधळे होऊन बसायचं."

सिकेरांनी पिशवीचा पट्टा आवळला. मग म्हणाले, "बाईंनी आपणहून सांगितलं तर कागद काढायचं कारण नाही. त्यांचं सांगणं माझ्या कागदाशी जुळलं तर मी मान हलवीन. मान हलवायला परवानगी लागत नाही."

दीर म्हणाले, "वयनी, काय सांगू नका. एक फडकं हाय ता. काशीची सासरची मानसं हायत पेनला, मिठागरवाली, नाकावर माशी न बसू देनारी. पोर परत पाठवतील."

फौजदारसाहेबांनी दिराला बाहेर बसवले. मला म्हणाले, "बाई, इथे लिहिलं की ते राहतं. मागून खोडता यायचं नाही. नाही सांगितलंत तरी तुम्हाला कोणी काही करणार नाही. पेटीवर बसल्याबद्दल समज देऊन सोडतो." मी पाणी मागितले. पाणी प्यायले. त्यानंतर पुढील हकीकत मी आपखुशीने सांगते.

१९२९ साली डिसेंबर महिन्यात, नाताळाच्या आधीच्या सोमवारी, आम्ही दोघे आगबोटीने मुंबईला जाणार होतो. त्यांच्या सरकारचा कॉन्सल आपल्या प्रजेचे लग्न कचेरीतच वहीत लिहून घेतो, त्याला देऊळ लागत नाही आणि चर्चही लागत नाही, असे ते चौकशी करून आले होते. तू तुझा देव सोडू नको, मी माझा सोडत नाही, असे ते म्हणाले. लुगडे त्यांनी मुंबईहून आदल्या खेपेला आणले होते. ते मुंबईत उतरल्यावर नेसायचे असे ठरले होते. इथून नेसून निघणे शक्य नव्हते.

त्या दिवशी ते काळा कोट घालून आधीच बोटीत जाऊन बसले. मी रोजचे लुगडे नेसून, पावाची टोपली डोक्यावर घेऊन गेले, म्हणजे कोणाला संशय येणार नाही. बोटीची फळी लागली होती. मी फळीवर पाय ठेवला. तेव्हा शेजारची कमळ मासे घेऊन बसली होती, ती ओरडली, "राहे, आज मुंबईला पाव इकायला चाललीस का गो? आन् पाववाला काय, गिऱ्हाईक म्हनून बसलाय?" बंदरावरची सगळी माणसे हसली. तिने थट्टा केली. तिला काही माहीत नव्हते. मीही हसले. "व्हय, तुझ्यासाठी ठेवू का एक?" असे म्हणून फळीवरून पाय काढला. टोपली खाली ठेवून मी तिथेच पाव विकला. बोट सुटेपर्यंत बराच विकला गेला. ते कठड्याला उभे होते. त्यांनी मला हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. अर्ज त्यांनी दिला होता. त्यांची सही झाली होती, माझ्या अंगठ्याची जागा मोकळी होती. अर्ज कचेरीत राहील, बाई येईल तेव्हा येईल, असे कॉन्सलसाहेबांनी सांगितल्याचे ते म्हणाले. मला रागावले नाहीत. तिखट वेगळे काढले का एवढे विचारले.

(येथे कारकून सिकेरा यांनी मान हलवली.)

पुढच्या वैशाखात काशीचे लग्न पेणला दयाराम ठाकूर याच्याशी झाले. लग्नात पावाचे पैसे नकोत, फुकट देतो, मुलांना वाटा, असे त्यांनी सांगितले होते. दिराने नको म्हणून कळवले. काशीचे लग्न झाले की जाऊ असे मी म्हणाले होते. मग तिला मूल होऊ दे असे म्हणाले. मग मुलाचे जावळ. त्यांनी तारीख कधी धरून बसवली नाही. दर वर्षी नाताळाच्या आधी ते लुगडे पेटीतून काढून, घडीसकट, भट्टीमागे तासभर उन्हात ठेवत आणि परत आत ठेवत. मी तेव्हा पीठ चाळत असे. त्यावर आम्ही बोलत नसू. गेल्या डिसेंबरात ते म्हणाले, "राहीबाय, काठ काळा पडेल गो." मी म्हणाले, आता काठ बघून काय करायचे, पुढच्या मोसमात जाऊ. हे मी मनापासून म्हणाले होते. मनापासून म्हणते आहे हे मात्र मी त्यांना सांगितले नाही.

माझे त्यांच्याशी नाते काय लिहायचे, मोलकरीण लिहू का, असे फौजदारसाहेबांनी विचारले. मी सांगितले की, कामाला होते म्हणून मोलकरीण लिहायला हरकत नाही, ते खोटे नाही. बायको लिहू नये, कारण मी फळीवरून पाय काढला. काठवट, क्रूस, कोट व बाकी सर्व वस्तू बहिणीच्या आहेत, त्या तिला पाठवाव्यात. त्यांवर माझा हक्क नाही. लुगडे माझ्यासाठी आणलेले होते आणि ते माझे आहे. यासाठीच मी पेटीवर बसले.

काशीला ही हकीकत माझ्याकडून कळलेली नाही. तिला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मी सोमवारी पेणला जाऊन स्वतः सांगणार आहे. तिने मला दारात उभे केले नाही तरी हा जबाब बदलणार नाही.

सिकेरांनी यादीतल्या आठव्या बाबीवर, म्हणजे लुगड्यावर, रेघ मारली, तक्रार मागे घेतली आणि पेटीला सील केले. लुगडे मला पंचांसमक्ष मिळाले. लांबी व फाटतूट पाहण्यासाठी घडी उघडू का, असे हवालदारांनी विचारले. मी नको म्हटले. दीर बाहेरून म्हणाले, "वाडीच्या वाटेनं चला, पदराखाली घ्या." मी त्यांना सांगितले की, मी बाजाराच्या वाटेने जाणार आहे आणि लुगडे हातावर घेऊन जाणार आहे.

वरील मजकूर हवालदार चांगदेव यांनी मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्यांदा मी नीट ऐकले नव्हते. दुसऱ्यांदा ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. एका ठिकाणी "मालक" लिहिले होते ते मी "ते" करायला सांगितले, तसे केले आहे.

राही बाळाजी घरत हिच्या डाव्या अंगठ्याची निशाणी.
समक्ष: फौजदार, रेवदंडा. वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटे.