मार्गशीर्षातला टर्की

अगं, त्या अमेरिकनांचं थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्की पक्षी भाजून खायचा सण, नेमकं गुरुवारीच येतं, आणि त्या वर्षी तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार निघाला. घरी घट मांडलेला, मला उपास, आणि जेवायला जायचं ह्यांच्या अमेरिकन साहेबांकडे, अल हैल भागात. गाडीत मी सारखी चुळबुळत होते.

हे म्हणाले, "टर्की आवडतो म्हणायचं आणि गप्प बसायचं. प्रमोशन अडकलंय माझं."

टेबलावर साहेबांच्या बायकोनं एकेकाला विचारायला सुरुवात केली, "यातलं काय आवडतं, काय नाही? खरं सांगायचं हं!"

हे म्हणाले, "टर्की! रोज दिलात तरी खाईन."

मी कशीबशी म्हणाले, "आज आमच्या देवीचा उपास. मला फक्त ते भाजलेलं रताळं चालेल."

ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. पण बाई खुशीत हसली आणि सगळी रताळी माझ्या ताटात वाढली. निघताना उरलेला अर्धा टर्की ह्यांच्या हातात दिला, "रोज खाणार ना?"

घराखाली आल्यावर मी म्हटलं, "वर घट आहे हं."

हे पार्किंगमध्ये, गाडीत बसून एकटेच टर्की चावत राहिले.

प्रमोशन झालं पुढे. पण दुसऱ्या वर्षी बोलावणं आलं, तेव्हा हेच आधी म्हणाले, "सांग, मलाही उपास आहे."