मृणालिनीबाईंनी हातमोजे घातले

मंडळी, आज कीर्तनाला एक साधाच प्रश्न घेऊन उभा आहे. शंभर माणसांना नव्या वाटेवर न्यायचं, तर पुढाऱ्यानं आधी काय बोलावं? सांगा! — शेजाऱ्याकडे काय बघता? बरं, मग ऐका.

एक मोठा कारखाना, पंप बनवणारा. दोन हजार माणसं कामाला! तिथल्या खरेदी खात्यावर नव्या साहेब आल्या, मृणालिनीबाई तारळेकर. हुशार, सरळ — पण घाईच्या! मालकांनी बजावलं होतं, खात्याचा जुना कारभार बदला. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, यापुढे वस्तू निवडायची ती संगणकावर तुलना करून. 'आमचं असंच चालत आलंय' हे वाक्य बंद!

माना सगळ्यांनी डोलावल्या. अहो, मान डोलवायला काय जातं? आत्ता तुम्ही डोलवताय तशीच! काम मात्र जुन्याच चालीनं. आणि सगळे बघायचे कोणाकडे? खटावकर अण्णांकडे. सव्वीस वर्षं त्याच खात्यात, निवृत्तीला आठ महिने. अण्णा हलले तर खातं हलणार, हे बाईंना कळत होतं. आणि अण्णा काही हलेनात.

अशात भट्टीवरच्या लोकांसाठी हातमोजे आले. नव्या पद्धतीनं निवडलेली पहिलीच वस्तू! कागदावर सगळ्यांत सरस. महिनाभरात भट्टीवरचा दस्तगीर तळवा भाजून दवाखान्यात. का? तर मोजे काढून काम करत होता. मालकांचं बोलावणं आलं. बाईंनी मोज्यांची फाइल उघडली — तर समासात अण्णांच्या अक्षरात एक ओळ. 'मोजे फार ताठ आहेत, आधी भट्टीवर घालून बघावेत.' बाईंनी ती न वाचताच सही ठोकलेली!

आता मंडळी, ती फाइल दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही. सहीला कागद पुढे ठेवणारे अण्णाच. निवृत्तीला आलेल्या माणसावर ढकलायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही-मी काय केलं असतं? — तबलजी, खाली बघू नका!

बाई अण्णांना घेऊन थेट भट्टीवर गेल्या. तेच मोजे चढवले आणि सांडशी उचलायला लागल्या. बोटं वाकेनात. दोनदा सांडशी खाली पडली. सगळे कामगार बघताहेत, दवाखान्यातून परतलेला दस्तगीर पट्टी बांधलेला हात घेऊन उभा. बाई त्याच्याकडे वळल्या.

"चूक माझी आहे. अण्णांनी लिहून दिलं होतं, मी वाचलं नाही."

मालकांनाही त्यांनी हेच सांगितलं. मालक रागावले, आणि बाईंनी ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बाईंच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. सव्वीस वर्षांत साहेबानं 'बसा' म्हटल्याशिवाय टेबलाशी बसले नव्हते! म्हणाले, "बाई, तो संगणक मला शिकवा. आणि त्यात एक रकाना वाढवा. वापरणाऱ्यानं वापरून पाहिलं का, असा."

रकाना वाढला. अण्णा हलले आणि खातं हललं! निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने अण्णांनीच सगळ्यांना शिकवलं. आणि आता मोजे पारखतो कोण? दस्तगीर! भारी चोखंदळ हो, चार नमुने परत पाठवल्याशिवाय पाचवा घेत नाही.

तर पुढाऱ्यानं आधी काय बोलावं, कळलं ना? मग आता घरी जा. मिक्सर तुम्ही आणलात, वाटण कोण करतं? तिला विचारलं होतं का? — पुरुष मंडळी लागली टोप्या सारख्या करायला! आज उंबरा ओलांडलात की तेवढं म्हणा, चूक माझी. देवाचं नाव त्यानंतर घ्या. तो थांबेल, त्याला आपली सवय आहे.