करमाळ्याला गेलेल्या पुड्या

नाही नाही, दिपाली मॅडम, तुम्ही बसा की त्या स्टुलावर. मिरचीनं डोळे झोंबतील थोडे, पण सोलापूरच्या नव्या पेठेत या दिवसांत ज्याच्या डोळ्यांत पाणी तो पाहुणा, आम्ही लांबून ओळखतो. उठून सलाम केला असता, पण या पेटीवर एकदा बैठक मारली की गुडघे ऐकत नाहीत. रत्नागिरीहून थेट एसटीनं? आणि का, तर आमची सबा फोन उचलत नाही म्हणून? तुमच्यासारखी बाई शिकवायला मिळणं म्हणजे नशीबच की पोरीचं. चहा सांगितलाय. तब्येत खुशाल आहे तिची, काळजी करू नका, फक्त घरी नाही — करमाळ्याला गेलीय. काय म्हणालात? सोमवारी नमुने घेऊन तुमच्याकडे हजर व्हायचंय? या सोमवारी? म्हणजे तारीख अजून गेली नाही... मला वाटलं गेली.

तिनं कळवलं नाही तुम्हाला, नमुने गेले म्हणून? शरमली असेल. चूक माझी आहे — चूकच, मुद्दाम कोण करतं. त्याचं असं झालं, मे लागला तेव्हा ती खाडीवरून आली, पिशवीत सेहेचाळीस पुड्या. मसालेवाल्याच्या घरी वाढलेली पोर, पुडी बांधायला मीच शिकवलेली — दोरा नाही, डिंक नाही, चार घड्या आणि टोक आत खोचायचं. खारफुटीच्या मुळांवरचं शेवाळ तिनं आमच्या लवंगेसारखं बांधून आणलं. त्याच आठवड्यात करमाळ्याच्या एका व्यापाऱ्यानं दगडफुलाचे नमुने मागवले होते. दगडफूल माहीत आहे ना, खडकावरचं, काळ्या मसाल्यात घालतो ते? वाळलं की काळपट, चुरगळलेलं, आणि तुमचं शेवाळ वाळलं तरी तसंच. पिशवीशेजारी पिशवी, हिच्या जागी ती गेली. त्या माणसानं पुड्या फोडल्या, पोत्यात ओतल्या, पोतं पुढं बाजारात गेलं. संपलं. असं मी सबाला सांगितलं — म्हणजे असं झालं.

मला काय कळतं हो शेवाळातलं, सातवी शिकलेला माणूस, समुद्र अजून पाहिला नाही. पण पोरीनं याच फळीवर पुडी सोडून, हातात भिंग देऊन शिकवलं. म्हणाली, चाचा, एकेका मुळावर मजले असतात — चिखलाजवळ पाणी जास्त वेळ थांबतं तिथं एक जात राहते, वीतभर वर दुसरी, आणि अगदी वर, भरतीलाच भिजायचं, ओहोटीला ऊन सोसायचं, तिथं तिसरी. एक दाखवली, तांबूस-जांभळी, पानाला पान जोडत गेलेली, चपट्या मण्यांच्या माळेसारखी. चार झाडांच्या मुळांवर बारा जाती! आणि एक तेरावी, ती तुम्हालाही ओळखता आली नव्हती म्हणे, खरं का? मी म्हटलं, मग हे माझं दुकानच की — खाली धने-मिरची, वरच्या फळीवर नागकेशर, जायपत्री. लई हसली. मग म्हणाली, फरक आहे, चाचा. तुम्ही नाव पुसलेली पुडी वासानं ओळखता. माझ्या पुडीतली चिठ्ठी गेली — कुठली खाडी, कुठलं झाड, चिखलापासून किती वर — तर आत उरतो तो कचरा.

खरंच ओळखतो, मॅडम, उगाच सांगत नाही. आमच्या बायकोनं, इमामबीनं एकदा पैज लावली, माझे डोळे बांधले, तीस पुड्या नाकाखाली धरल्या. तीसच्या तीस सांगितल्या! एकीत तिनं आपल्या जुन्या ओढणीचा तुकडा ठेवला होता, तोही ओळखला. दोन वर्षं झाली तिला जाऊन. धाकटा भाऊ बिलाल त्याच्याही आधी गेला, सबा त्याची, चार वर्षांची होती तेव्हापासून आमच्याकडं. आता घरात मी आणि ती... काय म्हणालात? मग शेवाळाचा वास कसा नाही आला? सर्दी झाली होती. हो, मे महिन्यात. का, होत नाही?

या, गुरम्माक्का, खोबरं नवं आलंय. काय? तुमच्या मसाल्यात शेवाळ? अहो, अर्धं ऐकून काय बोलता, तीस वर्षं मसाला नेताय तुमी माझ्याकडून! अल्लाची शपथ, शेवाळाची एक काडी कुणाच्या मसाल्यात गेली नाही, सोलापुरात नाही, करमाळ्यात नाही, या मौलाच्या दुकानातून असला माल —

चहा घ्या, मॅडम. निवतोय. असं बघू नका.

नाही गेल्या. पुड्या करमाळ्याला गेल्याच नाहीत. तुमचं पत्र आलं ना, तीन वर्षं समुद्राकाठी काम मिळतंय म्हणून? मीच पेढे वाटले गल्लीत. हसत हसत वाटले. मग सबा एका लग्नाला मैंदर्गीला गेली आणि मी पिशवी उचलली. वाटलं, तारीख टळेपर्यंत लपवू, मग सापडल्या म्हणू; पण तिनं विचारलं तेव्हा तोंडातून ती पोत्याची गोष्टच निघाली. पोरीला नाक आहे, मॅडम, दुकान तिचंच आहे, चिखलात कशाला उभं राहायचं — असं मनाला सांगत होतो. खरं सांगू? रिकाम्या घरात भाकरी कशी खातात ते मला येत नाही. ती रडली असती, भांडली असती, तर त्याच दिवशी कबूल केलं असतं. ती मलाच समजावत बसली — चाचा, माझंच चुकलं, दुकानात पिशवी ठेवायला नको होती. आणि दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन करमाळ्याची गाडी पकडली. आज तिसरी खेप. व्यापाऱ्याचं नाव मी विसरलो म्हटलं, म्हणून दुकानादुकानात पोती उपसते, दगडफुलात शेवाळ शोधते. लोक हसतात म्हणे. संध्याकाळी येते, केसांत मिरचीची पूड, आणि आल्या आल्या विचारते, चाचा, जेवलात का?

कुठं म्हणजे? इथंच. मी बसलोय ती पेटी. चिठ्ठ्यांसकट, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. ओल धरू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी ठेवलीय, रोज उघडून बघतो. तुम्ही न्या की, मॅडम. तिला सांगा, पोत्यात ओतल्याच नव्हत्या, व्यापाऱ्यानं परत पाठवल्या, सोमवारही साधेल... नाही? माझ्याच तोंडून? बरोबर आहे तुमचं. बरोबरच आहे, पण —

फोन. तिचाच.

हां, सबा. जेवलो, बेटा. तू? किती दुकानं झाली? नऊ? ऐक, दहाव्यात शिरू नको. तिथं नाही. कसं माहीत म्हणजे... थांब, आधी उठू दे मला. फोन ठेवू नको हां. गुरम्माक्का, आज दुकान बंद. व्हय, सीझनात बंद, जावा तुमी. मॅडम, जरा हात द्या, या पेटीवरून उठायचंय.

सबा... आहेस ना?