उन्हामागे फिरणारी खुर्ची

...नाही, दगड वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, पण तुम्हाला सांगतो, सहा वर्षं? सहा वर्षं आमची ताई त्या गेम बनवणाऱ्या कंपनीत नुसते दगड रंगवतेय. पुढे लढाई पेटलेली, घोडे उधळलेले, आणि हिच्या वाट्याला मागचे दगड. ओला दगड, सुका दगड, शेवाळलेला दगड... साहेब येणार, मान वाकडी करून बघणार, "मॅडम, दगड जरा जास्तच लक्ष वेधतोय." आता दगडाने काय तोंड लपवायचं? पण सांगायचं कुणाला?

लहानपणी भिंती रंगवून मार खाल्लेली ही बाई, घरी आली की पेन्सिल हातात धरवेना. भावजी म्हणाले, "अगं, स्वतःसाठी काढ काहीतरी." तर म्हणाली, "काय काढू? दगड?"

मग एका रविवारी तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्यांचे गुडघे गेलेत, पण ऊन सरकलं की खुर्ची सरकलीच. खिडकीतून दारात, दारातून गॅलरीत... ताईने तेवढ्यावरच एक छोटा गेम केला. म्हातारी, खुर्ची, ऊन. ऊन निसटलं की म्हातारी कुरकुरते, बस. सासूबाईंनी खेळून पाहिला, म्हणाल्या, "ही तर माझ्यापेक्षा हळू चालते." आणि ताई हसली हो, पोट धरून हसली. मग दुसरा केला, दोरीवरचे कपडे नि वारा. मग तिसरा, लिफ्टमध्ये एकमेकांशी न बोलणारे शेजारी. जेवता जेवता उठायची, गुणगुणायची...

आणि त्या भरात खुर्चीचा गेम ऑफिसात दाखवून बसली. कशाला दाखवायचा? साहेब गहिवरले. "मॅडम, अंगात एवढं असून तुम्ही दगड रंगवताय?" जसे काही तिने मागून घेतले होते. आणि मग हळूच म्हणाले, नोकरीत असताना जे कराल ते कंपनीचं, करारात आहे. झालं. गेम बाजारात, ऊन यायच्या आधी साबणाची जाहिरात, ताईचं नाव कुठेच नाही. भावजी तणतणत वकिलाकडे गेले, वकिलाने करार वाचला आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. सांगायचं कुणाला?

सासूबाई अजून तो खेळतात. जाहिरात संपेपर्यंत शांत बसून राहतात. म्हणतात, "खरं ऊन तरी कुठे वेळेवर येतं?"

हल्ली ताई पुन्हा काहीतरी करतेय, दार लावून, गुणगुणत. परवा मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, "स्वेटर विणतेय."

लोकर कुठेय, हे मी विचारलं नाही.