बिडी कंपनीचा बैल

उस्मानच्या मुलीचा, जैतूनचा निकाह झाला त्या साली, १९३७च्या हिवाळ्यात, तो शेळी घेऊन वाशीमच्या ढोरांच्या दवाखान्यात ओळीत बसला होता. त्याच्या मागे मोहनसिंग लंगडत्या चांद्या बैलाचा कासरा धरून उभा. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचा तोच, पण बैल आता बिडी कंपनीने विकत घेतले होते. कंपनीचा दिगंबर त्याच्या मागेच लागला होता.

“इंझोरीच्या पटात चांद्या पळनच, मोहनसिंग.”

“खूर फाटला त्याचा. दिसत नाई तुले?”

“सेठनं जोडी गोठ्यात बांधाले नाई घेतली.”

“मंग कायले घेतली? पटाचं बक्षीस त वैरणीलेही पुरत नाई.”

“बक्षीस कोनाले पायजे? बैलाच्या पाठीवर बिडीचं नाव रंगवलं हाय. पट पाहून गेलेला मानूस दुकानात तेच नाव मांगते.”

“वाचता येते किती जनाले?”

“म्हनून त बैल लागते, बावा. भितीवरचा कागद कोनी पाहत नाई. चांद्याले सारे पाहतात.”

“अन् पडला त?”

“त वर्षभर त्याच्याच गोष्टी. लोक बिडी पेटवूनच सांगतीन.”

“वासरू होता तवापासून मी त्याले हातानं सरकी चारली. त्याच्या पाठीवर केसाचा अपशकुनी भोवरा हाय, मालूम हाय तुह्या सेठले?”

“रंगाखाली भोवरा कोनाले दिसते? तू नाई हाकत त दुसरा हाकन.”

“हाक म्हना दुसऱ्याले. माह्या हातानं नाई मरनार तो.”

उस्मानने शेळी बाजूला ओढली.

“भाऊ, माह्या आधी तुमी जा.”

मोहनसिंगने जोडी हाकली नाही, दुसऱ्याने हाकली. चांद्या त्याच पौषात इंझोरीच्या पटात मेला.